फुटबॉल वर्ल्ड कप २०२६ : डॅलसहून ८ जणांसाठी चार्टर जेट, अटलांटा सेमीफायनल आणि न्यू जर्सी फायनल

खिडकीची_सीट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सामन्यांची तिकिटं हातात आहेत, पण विमानाचं घोडं अडलंय. आम्ही डॅलसमधले ८ जण आहोत, त्यात दोघं सत्तरीचे. १५ जुलैला अटलांटाची सेमीफायनल आणि १९ जुलैला मेटलाइफ स्टेडियमवरची फायनल बघायची आहे. बेत असा:

१५ जुलै, बुधवार : सकाळी ८ ला डॅलसहून निघायचं, मॅच बघून रात्री घरी.
१८ जुलै, शनिवार : संध्याकाळी टेटरबरोला (न्यू जर्सीतला खासगी विमानांचा विमानतळ) उतरायचं. रविवारी फायनल, आणि त्याच रात्री परत. सोमवारी सगळ्यांना कामावर जायचंय.

तीन ठिकाणी विचारलं. पहिला ब्रोकर म्हणतो फेनॉम ३०० घ्या, ८ सीटर आहे. दुसरा म्हणतो चॅलेंजर ३५० शिवाय जमणार नाही, आणि त्याचा आकडा जवळपास दुप्पट आहे. तिसरी ऑफर ओळखीतून आली: विमान मालकाचं स्वतःचं, आम्ही फक्त इंधन आणि पायलटांचे पैसे द्यायचे. ही अर्थातच सगळ्यांत स्वस्त.

प्रश्न :
१. विमान कोणतं घ्यावं?
२. टेटरबरो स्टेडियमच्या अगदी शेजारी आहे, मग तिथेच उतरणं सोयीचं ना?
३. फायनलच्या रात्रीच निघणं जमतं का?
४. करारात काय काय बघायचं?

---

डिस्पॅच_डेस्क

तुमचे प्रश्न उलट्या क्रमाने घ्यायला हवेत. विमान सगळ्यांत शेवटी ठरवा. आधी विमानतळ, मग तिथे मिळणारी वेळ, मग त्या वेळेत बसणारा क्रू, आणि या सगळ्यात जे बसेल ते विमान. मोठ्या स्पर्धेत विमानं पैसे मोजले की मिळतात. धावपट्टीवरची वेळ आणि उभं राहायला जागा मात्र पैसे मोजूनही मिळेलच असं नाही.

टेटरबरो. मेटलाइफपासून हवाई अंतर अडीच नॉटिकल मैलांच्या आत आहे, आणि गोची तिथेच आहे. एनएफएलच्या सामन्याला स्टेडियमभोवती ३ नॉटिकल मैल आणि ३,००० फुटांपर्यंत टीएफआर असतो, म्हणजे तात्पुरती उड्डाणबंदी. सामन्याच्या तासभर आधीपासून संपल्यावर तासभरापर्यंत. त्यात एटीसीच्या, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकांच्या, ताब्यात असलेल्या, उतरणाऱ्या-निघणाऱ्या विमानांना सूट असते, त्यामुळे एरवी रविवारी टेटरबरो चालू राहतं. पण सुपर बोलसारख्या कार्यक्रमाला बंदीचा साचाच वेगळा: आतलं वर्तुळ साधारण १० नॉटिकल मैलांचं, बाहेरचं ३० चं. आतल्या वर्तुळात चार्टर आणि खासगी विमानांना सामन्याच्या काळात मज्जाव. फायनलला याच धर्तीचा बंदोबस्त धरून चला. त्या तासांत टेटरबरोला ना उतरता येईल, ना निघता येईल. नेमके तास आणि वर्तुळं नोटॅममध्ये (वैमानिकांसाठीच्या सरकारी सूचनेत) येतात, आणि ते सामन्याच्या काही दिवस आधीच पक्के होतात. म्हणून ऑपरेटरला आत्ताच विचारा : "टेटरबरो बंद असेल तर तुमचा दुसरा विमानतळ कोणता, आणि तिथली परवानगी तुम्ही आधी घेऊन ठेवणार का?" उत्तर गुळमुळीत आलं तर पुढच्याकडे जा.

परवानगी दोन पातळ्यांवर लागते. एफएए, म्हणजे अमेरिकेचं हवाई वाहतूक खातं, अशा काळात त्या भागातल्या विमानतळांना येण्या-जाण्याच्या वेळा वाटून देते, तो स्लॉट. आणि एफबीओ, म्हणजे खासगी विमानांचा तो छोटा टर्मिनल, स्वतःची पूर्वपरवानगी मागतो, ती पीपीआर. स्लॉट आहे पण पीपीआर नाही, तर उतरून उभं कुठे राहणार? पीपीआर आहे पण स्लॉट नाही, तर डॅलसहून निघताच येणार नाही. दोन्हींचे नंबर लेखी मागून घ्या, येण्याचे आणि जाण्याचे वेगवेगळे. बहुतेक गोंधळ जाण्याच्या स्लॉटमध्ये होतो, कारण येताना लोक दोन दिवसांत विखरून येतात आणि जाताना सगळ्यांना त्याच तीन तासांत निघायचं असतं.

तिसरी गोष्ट पार्किंग. अशा दिवसांत बरेच एफबीओ "ड्रॉप अँड गो" एवढंच देतात. माणसं उतरवा आणि विमान घेऊन जा. मग तुमचं विमान अॅलनटाउन किंवा ऑल्बनीला जाऊन उभं राहतं आणि तुम्हाला घ्यायला रिकामं परत येतं. ते रिकामं येणं-जाणं तुमच्याच बिलात. कोटेशनमध्ये ते धरलंय का, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

इतकी कडक शिस्त का, हे समजायला २०१० चं डरबन आठवा. स्पेन-जर्मनी सेमीफायनलच्या दिवशी, ७ जुलैला, किंग शाका विमानतळावर आधी उतरलेली खासगी विमानं जागा सोडेनात. मागून येणारी प्रवासी विमानं आकाशात घिरट्या घालत राहिली, काही दुसरीकडे वळवली गेली, आणि तिकीट खिशात असलेले शेकडो प्रेक्षक सामन्याला पोचलेच नाहीत.

पर्याय : मॉरिसटाउन (स्टेडियमच्या पश्चिमेला साधारण २५ मैल), व्हाइट प्लेन्स, लाँग आयलंडवरचं फार्मिंगडेल. त्याहून लांब पण ऐसपैस म्हणजे न्यूबर्गचं स्ट्युअर्ट आणि ट्रेंटन. तुम्हाला मी मॉरिसटाउन पहिलं आणि ट्रेंटन दुसरं सांगेन. ट्रेंटन पन्नासेक मैल लांब पडतं, पण तिथून दक्षिण-पश्चिमेला निघताना न्यूयॉर्कच्या कोंडीचा बराच भाग टळतो.

टेटरबरोच हवं असेल तर अजून दोन गोष्टी. तिथे १,००,००० पौंडांवरच्या विमानांना बंदी आहे. तुम्हाला त्याने फरक पडत नाही, चॅलेंजर ३५० जेमतेम ४०,६०० पौंडांचं. (गल्फस्ट्रीम जी६५० चं कमाल वजन ९९,६०० आहे. हा आकडा योगायोगाने आला असेल असं ज्याला वाटेल त्याला वाटू दे.) दुसरं, रात्री ११ ते सकाळी ६ तिथे ऐच्छिक कर्फ्यू असतो. कायद्याने बंधन नाही, पण बरेच ऑपरेटर तो पाळतात.

अटलांटाला पीचट्री-डीकाल्ब, फुल्टन काउंटी आणि केनेसॉचं कॉब काउंटी असे तीन पर्याय आहेत. पहिले दोन स्टेडियमच्या १० नॉटिकल मैलांच्या आत येतात, कॉब काउंटी बाहेर. वर्तुळ केवढं ठेवतात त्यावर निवड बदलू शकते, म्हणून कॉबचा पीपीआर राखीव ठेवा.

---

चौदा_तास

वरचं सगळं बरोबर. मी फक्त घड्याळ मांडतो, कारण तुमचा बुधवारचा बेत घड्याळातच फसलाय.

अमेरिकेत चार्टरला पार्ट १३५ चे नियम लागतात. दोन पायलट असतील तर २४ तासांत १० तास उड्डाण, ड्यूटी १४ तास, आणि त्यानंतर किमान १० तास विश्रांती. ड्यूटी विमान उडाल्यापासून मोजत नाहीत, पायलट हजर झाल्यापासून मोजतात, म्हणजे साधारण तासभर आधीपासून. तुम्ही मॅच बघत असता तेव्हाही हे घड्याळ चालूच असतं. "आम्ही पायलटांना हॉटेलची खोली देऊ, ते झोपतील" असं ब्रोकर म्हणाला तर हसून सोडून द्या. १० तासांची सलग विश्रांती झाल्याशिवाय घड्याळ शून्यावर येत नाही.

आता हिशोब, सगळा अटलांटाच्या वेळेने (डॅलसच्या एक तास पुढे).

तुमचा बेत : ९ ला उड्डाण, म्हणजे क्रू ८ ला हजर. ड्यूटी रात्री १० ला संपली. परतीचं उड्डाण वाऱ्याविरुद्ध, सव्वादोन तास धरा, उतरल्यावरची आवराआवर अर्धा तास. म्हणजे उशिरात उशिरा ७:१५ ला चाकं जमिनीवरून सुटली पाहिजेत. मॅच दुपारी ३ ची. या वेळी प्रत्येक हाफमध्ये ३ मिनिटांचा पाणी-ब्रेकही आहे, त्यामुळे ९० मिनिटांत निकाल लागला तरी ५ वाजून जातात. एक्स्ट्रा टाइम आणि पेनल्टी झाल्या तर ६. तिथून गर्दीतून बाहेर, गाडी, एफबीओ, सव्वा तास. झाले ७:१५. एक मिनिटाचीही उसंत नाही. आणि जुलैच्या संध्याकाळी अटलांटावर गडगडाटी ढग आले की ग्राउंड स्टॉप लागतो, म्हणजे उड्डाणं थांबवतात, तो काही तुमच्या पेनल्टी शूटआउटसाठी थांबत नाही. त्यानंतर क्रू "टाइम आउट" झाला म्हणजे झाला. दोन सत्तरीचे लोक आणि बॅगेविना एक रात्र अटलांटात.

उपाय साधा आहे. डॅलसहून सकाळी ८ ऐवजी १० ला निघा. अटलांटाच्या वेळेने १ च्या सुमारास उतराल, २ पर्यंत स्टेडियममध्ये. ड्यूटी १० ला सुरू, मध्यरात्री १२ ला संपणार, म्हणजे परतीच्या उड्डाणाला सव्वानऊपर्यंत मुभा. एक्स्ट्रा टाइम धरूनही दोन तास हातात राहतात. मात्र टीएफआर सुरू व्हायच्या आत उतरायचंय, त्यामुळे १० च्याही पुढे ढकलू नका.

फायनल. रविवारी दुपारी ३ ची मॅच. यंदा हाफटाइम शो आहे, मध्यंतर १५ मिनिटांत आटपेल असं धरू नका. ट्रॉफी देऊन होईपर्यंत ६, पेनल्टी झाल्या तर ७. स्टेडियमच्या दारात गाडी उभी करून ठेवण्याचा हिशोबही धरू नका, या स्पर्धेत तिथली भिस्त ट्रेन आणि बसवर आहे. मॉरिसटाउनला पोचेपर्यंत ९. स्लॉट ९:३० ते ११ मधला कुठलाही मिळाला आणि तासभर उशीर झाला, तर डॅलसला साडेतीन तासांनी, तिथल्या वेळेने रात्री १ ते अडीचच्या मध्ये. कायद्याने चालतं. पण त्या रात्री पूर्व किनाऱ्यावरून निघणाऱ्या रांगेत तुम्ही कितवे असाल, हे कोणीच सांगू शकत नाही.

माझं मत : सोमवारी सकाळी ७ चं उड्डाण घ्या, डॅलसला साडेनऊच्या आत. आणि इथे लोक हमखास एक चूक करतात. "रविवारी रात्री जमलं तर निघू, नाही तर सोमवारी सकाळी" असं क्रूला सांगून ठेवतात. रात्री ११ पर्यंत एफबीओत ताटकळलेल्या क्रूला तुम्ही ११ ला सोडलंत, तर १० तास विश्रांती, म्हणजे सकाळी ९ ला हजर, १० ला उड्डाण. ना रात्रीचं झालं ना सकाळचं. काय ते एक ठरवा.

---

बारीक_अक्षर

तिसऱ्या ऑफरपासून सुरू करतो, कारण ती सगळ्यांत स्वस्त नाही, सगळ्यांत महाग आहे.

"मालकाचं विमान, फक्त इंधन आणि पायलटांचे पैसे" हे बेकायदा चार्टरचं ठरलेलं रूप आहे. पैसे घेऊन माणसं न्यायची तर पार्ट १३५ चं प्रमाणपत्र लागतं. खासगी उड्डाणं पार्ट ९१ खाली चालतात आणि तिथे भाडं घेता येत नाही. या वाटेने जाणारे तुमच्या हातात "लीज" चा कागद ठेवतात आणि पायलट वेगळे नेमल्यासारखं दाखवतात. त्या कागदावर सही केलीत की उड्डाणाची कायदेशीर जबाबदारी, ज्याला ऑपरेशनल कंट्रोल म्हणतात, ती तुमच्याकडे येऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. धावपट्टीवर एफएएचा निरीक्षक भेटला तर ट्रिप तिथेच संपली.

तपासणी अशी करा :

विमानाचा टेल नंबर मागा, एन ने सुरू होणारा. ऑपरेटरचं नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक मागा. त्या ऑपरेटरच्या ऑपरेशन्स स्पेसिफिकेशन्समध्ये डी०८५ नावाचं पान असतं, त्यात तो कोणकोणती विमानं भाड्याने उडवू शकतो त्याची यादी असते. तुमचा टेल नंबर त्यात नसेल तर विषय संपला. बाकी आर्गस किंवा वायव्हर्न या सुरक्षा तपासणाऱ्या कंपन्यांचा ट्रिप रिपोर्ट मागा, त्यात त्या विशिष्ट विमानाची आणि त्या दोन पायलटांची तपासणी असते. "आमची कंपनी प्लॅटिनम आहे" हे वेगळं आणि "ही ट्रिप तपासली आहे" हे वेगळं.

ब्रोकर हा एअरलाइन नव्हे. २०१९ पासून लागू झालेल्या पार्ट २९५ प्रमाणे प्रत्यक्ष विमान कोण उडवणार, हे ब्रोकरने सांगायलाच हवं. आणि तो तुमचा एजंट म्हणून काम करतोय, ऑपरेटरचा म्हणून, की स्वतःच विकतोय, हेही. जो ब्रोकर "नाव नंतर कळवतो" म्हणतो, त्याने बहुधा अजून विमान धरलेलंच नाही. तुमच्याकडून पैसे घेऊन मग तो बाजारात जाणार.

आता विमान. फेनॉम ३०० ची "८ सीट" म्हणजे बहुतेक मांडण्यांमध्ये आठवी सीट शौचालयाची असते, बेल्ट लावलेली. सत्तरीच्या दोघांपैकी कोणाला तिथे बसवणार? डॅलस-अटलांटा दोन तासांत, ६ जण असते तर फेनॉम छान. ८ मोठी माणसं, दोन रात्रींच्या बॅगा आणि न्यूयॉर्क, यासाठी सुपर-मिडसाइझच. चॅलेंजर ३५० मध्ये उभं राहता येतं, सामान पुरतं, आणि पल्ला ३,२०० नॉटिकल मैल असल्याने वादळ टाळायला वळसा घालावा लागला, घिरट्या घालाव्या लागल्या तरी इंधनाची चिंता नाही. गर्दीच्या दिवशी याला जास्त किंमत आहे, कातडी सीटला नाही. मध्यम मार्ग म्हणून सायटेशन लॅटिट्यूडही विचारा.

पैशांचा अंदाज. सुपर-मिडसाइझचा दर ताशी साधारण ८,००० डॉलर धरू, वर-खाली होईल.

डॅलस-न्यूयॉर्क जाऊन-येऊन ६.५ तास : ५२,०००
क्रूचा मुक्काम, जेवण, गाडी : ३,०००
फेडरल एक्साइज टॅक्स ७.५ टक्के, दोन्हींवर : ४,१२५
एफबीओची इव्हेंट फी, पार्किंग किंवा रिकामी फेरी : ३,००० पासून पुढे कितीही

म्हणजे ६२ हजारांच्या आसपास, माणशी पावणेआठ हजार. शिवाय दर माणशी दर उड्डाणाला पाचेक डॉलरचा सेगमेंट टॅक्स, तो सोडून द्या. हा साध्या दिवसाचा हिशोब झाला, फायनलच्या शनिवार-रविवारी "पीक डे" अधिभार वेगळा. आणि बरेच ऑपरेटर दिवसाला किमान २ तासांचं भाडं लावतात, म्हणून विमान रविवारी नुसतं उभं राहिलं तरी मीटर पडू शकतो. दोन्ही कोटेशनं शेजारी ठेवून हे रकाने भरा. दुपटीचा फरक बराचसा इथेच विरघळेल.

करारातली चार वाक्यं शोधून वाचा.

रद्द करणं : एरवी ७२ तास आधीपर्यंत थोडेफार पैसे परत मिळतात. पीक डेला सही केल्या क्षणापासून शंभर टक्के गेले, असं कलम असतं.

बिघाड : विमान नादुरुस्त झालं तर ऑपरेटर "न उडालेल्या भागाचे पैसे परत" एवढंच देतो. दुसरं विमान त्या दिवशीच्या बाजारभावाने, फरक तुमचा. याला रिकव्हरी कलम म्हणतात. निदान ब्रोकरने फरकाचा काही वाटा उचलावा, असं लिहून घेता येतं, पण सहीच्या आधी.

वेळ सरकवणं : जेट कार्डवाल्यांकडे (उड्डाणाचे तास आगाऊ विकणाऱ्यांकडे) पीक डेला तुमची वेळ तीनेक तास मागे-पुढे करण्याचा हक्क असतो. वर चौदा_तास यांनी जो हिशोब मांडलाय, तो या एका ओळीने उधळतो.

तेच विमान थांबणार का : फ्लोटिंग फ्लीटचं विमान तुम्हाला सोडून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जातं. परतीला वेगळं विमान, वेगळा क्रू. ते एरवी ठीक, पण त्याच्या आधीच्या ट्रिपचा उशीर तुमच्या माथी येतो.

आणि एक. जागा भरायला "दोन सीट शिल्लक, माणशी अमुक" अशी जाहिरात महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकू नका. आपसात खर्च वाटून घेणं वेगळं. अनोळखी लोकांना सीटा विकल्या की ते पब्लिक चार्टर होतं, त्याला पार्ट ३८० खाली परिवहन खात्याची वेगळी मंजुरी लागते.

---

उंटावरचा_शहाणा

मी काही विमानातला नाही, पण नकाशा वाचता येतो. डॅलसच्या स्टेडियमवर या वर्ल्ड कपचे ९ सामने आहेत, सगळ्या शहरांत जास्त. १४ जुलैची पहिली सेमीफायनल तर तुमच्या अंगणात, आर्लिंग्टनला. ती सोडून लोक अटलांटाला निघालेत.

---

डिस्पॅच_डेस्क

@उंटावरचा_शहाणा तिकीट ज्या मॅचचं लागलं, तिकडे जायचं असतं हो.

पण तुमच्या म्हणण्यात एक धागा आहे. चार्टरचा खरा फायदा बुधवारी आहे, कारण त्या दिवशी जाऊन-येऊन करायचंय आणि एअरलाइनने ते अवघड आहे. फायनलला तुम्ही शनिवारी जाऊन सोमवारी येणार असाल, तर डॅलस-न्यूअर्क एअरलाइनची पुढची सीट एका बाजूला आणि पावणेआठ हजार दुसऱ्या बाजूला, असं तराजूत ठेवून बघा.

---

खिडकीची_सीट

सगळ्यांचे मनापासून आभार. तिसरी ऑफर कचऱ्यात गेली. बुधवारची वेळ १० केली.

एक पुरवणी प्रश्न. आमच्यातल्या दोघांना ११ जूनची ओपनिंग मॅच, मेक्सिको सिटीत मेक्सिको-दक्षिण आफ्रिका, तीही बघायची आहे. ते आणखी चौघांबरोबर डॅलसहून चार्टर करतायत. दोघांपैकी एकाकडे ग्रीन कार्ड आहे, दुसरा एच-१बी वर, त्याचा पासपोर्टातला स्टॅम्प संपलाय पण आय-७९७ (एच-१बी च्या मंजुरीचा कागद) चालू आहे. आणि लंडनचा मावसभाऊ, ब्रिटिश पासपोर्टवाला, फायनलला तिकडच्या मित्रांच्या चार्टरने थेट न्यूयॉर्कला येतोय. त्याला ईएसटीए (व्हिसाऐवजीची ऑनलाइन परवानगी) पुरेल ना?

---

शिक्का_कुठाय

एच-१बी वाल्या मित्राला आधी थांबवा.

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोत व्हिसाशिवाय जायचं तर अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड लागतं. ग्रीन कार्डवाला सुटला. आय-७९७ हा व्हिसा नाही. लोकांचा घोळ होतो तो ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशनमुळे. मेक्सिको-कॅनडात ३० दिवसांच्या आत जाऊन आलं तर संपलेल्या स्टॅम्पवर अमेरिकेत परत घेतात, हे खरं. पण ते परतीचं झालं. मेक्सिकोत आत कसा शिरणार? त्याला मेक्सिकोचा व्हिसा काढावा लागेल. तिथे असताना अमेरिकेच्या नव्या स्टॅम्पसाठी अर्जही करू नये, केला तर रीव्हॅलिडेशनचा फायदा जातो. टोरांटो किंवा व्हँकुव्हरच्या सामन्यांचा विचार असेल तर ग्रीन कार्डवाल्याला पासपोर्ट आणि कार्ड पुरतं, एच-१बी वाल्याला मात्र स्टॅम्प चालू असला तरी कॅनडाचा व्हिसा लागतोच.

मावसभाऊ. ब्रिटिश पासपोर्ट आणि ईएसटीए घेऊन एअरलाइनने आला असता तर प्रश्नच नव्हता. पण व्हिसा वेव्हरखाली, म्हणजे व्हिसामाफीच्या या योजनेत, विमानाने येणाऱ्याला "सिग्नेटरी कॅरियर"नेच यावं लागतं, म्हणजे ज्या कंपनीने अमेरिकी सरकारशी तसा करार केलाय तिनेच. मोठे चार्टर ऑपरेटर करारात असतात, लहान आणि खासगी मालकीचे बरेचदा नसतात. नसेल तर ईएसटीए असूनही तो आत येऊ शकत नाही, बी-१/बी-२ व्हिसा लागतो आणि त्याच्या मुलाखतीच्या तारखा काही जुलैची वाट बघत बसत नाहीत. ऑपरेटरकडून लेखी उत्तर आजच मागवा.

त्याच विमानाने त्याला न्यूयॉर्कहून पुढे मायामीला फिरायचं असेल तर तेही नाही जमणार. परदेशी नोंदणीचं विमान अमेरिकेतल्या दोन शहरांच्या मध्ये भाडं घेऊन माणसं नेऊ शकत नाही. याला कॅबोटाज म्हणतात. लंडनहून आणू शकतं, लंडनला नेऊ शकतं, बस.

मेक्सिको सिटीचं विमान. चार्टरं शहराच्या मुख्य विमानतळाऐवजी बहुतकरून टोलुकाला जातात. तो समुद्रसपाटीपासून साधारण २,५८० मीटर उंचीवर आहे. धावपट्टी ४ किलोमीटरहून लांब, त्यामुळे लोकांना वाटतं काही अडचण नाही. अडचण लांबीची नसते. विरळ हवेत इंजिनाचा जोर कमी पडतो, आणि उड्डाणाच्या क्षणी एक इंजिन बंद पडलं तरी उरलेल्या एकावर डोंगर चुकवून चढता आलं पाहिजे, हा हिशोब जुळवायला वजन कमी करावं लागतं. सामान आणि माणसं तर सोडता येत नाहीत, मग इंधन कमी भरतात. ६ जणांनी लाइट जेट घेतलं तर परतीला टोलुका-डॅलस सरळ न येता मध्ये इंधनाला उतरावं लागू शकतं.

याचा तोटाच होतो असं नाही. दक्षिणेकडून येणाऱ्या लहान विमानांना कस्टम्ससाठी सीमेजवळच्या ठरावीक विमानतळावर उतरावंच लागतं, ऑपरेटरकडे बॉर्डर ओव्हरफ्लाइट एक्झेम्प्शन असेल तरच थेट आत जाता येतं. म्हणून इंधन आणि कस्टम्स दोन्ही सॅन अँटोनियोसारख्या ठिकाणी एकाच थांब्यात उरकता येतात. तासभर जास्त, पण दर कमी. फक्त तो थांबा कोटेशनमध्ये आधीच लिहिलेला हवा.

ऑपरेटरला आणखी विचारायचं : मेक्सिकोचा उतरण्याचा परवाना आणि तिथल्या कंपनीची विमा पॉलिसी आहे का. अमेरिकी पॉलिसी तिथे चालत नाही. परवाना एका दिवसात होत नाही. आणि टोलुकाहून अॅझटेका स्टेडियमला डोंगर उतरून जायचंय, ओपनिंगच्या दिवशी दोन तासांच्या खाली काही धरू नका.

कराची गंमतही सांगतो. अमेरिकेच्या सीमेपासून २२५ मैलांच्या आतला कॅनडा-मेक्सिको करासाठी "देशांतर्गत" धरतात. त्यामुळे डॅलस-मॉन्टेरे किंवा डॅलस-टोरांटोच्या बिलावर ७.५ टक्के लागतात. मेक्सिको सिटी त्या पट्ट्याबाहेर आहे, तिथे टक्केवारी नाही, माणशी वीसेक डॉलरचा आंतरराष्ट्रीय कर लागतो. ब्रोकरने टोलुकाच्या बिलावर ७.५ टक्के लावले असतील तर काढून टाकायला सांगा.

---

खिडकीची_सीट

लावलेत! आत्ताच बघितलं.

तर मग असं : बुधवारी अटलांटा चॅलेंजर किंवा लॅटिट्यूडने, कॉब काउंटी राखीव. फायनलला शनिवारी जाऊन सोमवारी सकाळी ७ ला निघायचं, चार्टर की एअरलाइन ते रविवारच्या जेवणावर ठरेल. ब्रोकर आता प्रवाशांची नावं, जन्मतारखा आणि वजनं मागतोय. वजनं खरंच लागतात का, की अंदाजे चालतात?

---

डिस्पॅच_डेस्क

नावं पासपोर्ट किंवा लायसन्सवर आहेत तशीच द्या, अक्षर न् अक्षर. टीएसएच्या (अमेरिकेच्या प्रवास-सुरक्षा खात्याच्या) यादीशी ताडून बघितल्याशिवाय १२,५०० पौंडांवरच्या चार्टरमध्ये बसवत नाहीत. आयत्या वेळी माणूस बदलायचा झाला तर निघण्याआधी ही तपासणी पुन्हा होणार, एफबीओच्या दारात नाही.

वजनं खरी. कपडे, बूट, हातातली बॅग धरून. जुलैत डॅलसला दुपारी पारा ४० अंशांपर्यंत जाऊ शकतो आणि तापलेल्या हवेत विमानाचा जोर तसाच कमी होतो जसा टोलुकाला उंचीमुळे. ८ जणांनी प्रत्येकी १५ पौंड लपवले की १२० पौंड झाले, ते कॅप्टनच्या कागदावर कुठेच नसतात. वजनं सगळ्यांसमोर ग्रुपवर मागू नका, ब्रोकरला परस्पर पाठवायला सांगा. खरी येतात.